गुलरुखबागेतली काडीबंदी

दारात दूधवाल्याची सायकल थांबली की रमाकांतराव देवतळे आधी चरवीत बोट बुडवायचे आणि मग त्याचा नमस्कार घ्यायचे. दूध बोटाला चिकटलं तर त्यात आरारूट घातल्याची शंका, आणि ओघळून गेलं तर पाणी घातल्याची खात्री. दूधवाला कित्येक वर्षं तोच होता आणि दूधही बरं द्यायचा, पण बोट बुडायचं चुकलं नाही. त्यांची बायको वासंतीबाई म्हणायच्या, "साक्षात ब्रह्मदेवाने दूध आणून दिलं तरी हे विचारतील, गाय कुणाची."

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं ऐकताना तसं वाटायचा संभव आहे. पैशाला चोख होते, कुणाकडून कधी साधी भाजीची जुडीही फुकट घेतली नाही. पण संशय त्यांच्या रक्तातच भिनला होता आणि त्याला कारणही होतं. त्यांचे वडील बाळकृष्ण देवतळे चंद्रपूरकडे, मूलच्या जंगलात वनरक्षक होते. उन्हाळ्याआधी जंगलात जाळरेषा काढायची असते. म्हणजे गवताचा एक लांब पट्टा आपणच जाळून मोकळा करायचा, की पुढे वणवा आला तर तिथे येऊन उपाशी मरतो. एका फेब्रुवारीत बाळकृष्ण जेवायला बसले आणि मोह वेचणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती काडेपेटी देऊन म्हणाले, तेवढा पट्टा तू पेटव. माणूस चांगला होता, वारा चांगला नव्हता. डोंगराची अख्खी एक बाजू काळी झाली, बाळकृष्ण निलंबित झाले, आणि त्या वर्षी देवतळ्यांच्या घरात दोन्ही वेळा अंबाडीची भाजी शिजली. तेव्हा रमाकांत दहा वर्षांचा होता. वडिलांनी त्याला एवढंच शिकवलं, की बाबा रे, काडी आपल्या हातातून सोडू नये. बाकी काही त्यांनी त्याला मुद्दाम शिकवल्याचं ऐकिवात नाही.

तो मुलगा मोठा होऊन केंद्र सरकारच्या एका खात्यात बगीचे आणि जुनी स्मारकं सांभाळायच्या नोकरीला लागला आणि फिरत फिरत १९८९ साली लखनौला येऊन पोचला. बख्शी का तालाब या गावाच्या रस्त्याला, शेतांच्या मध्ये गुलरुखबाग नावाची एक नवाबी बाग होती. बाग म्हणायची आपली रीत म्हणून. भोवती लखौरी म्हणतात त्या पातळ विटांची भिंत, तीही जागोजागी ढासळलेली. आत एक बारादरी, म्हणजे बारा कमानींचा मोकळा मंडप, तिच्या छताला जुन्या शिसवी तुळया. एक आटलेली बावडी, थोडी खिरणीची झाडं, आणि उरलेल्या सगळ्या जागेवर मूंज नि कांस. हे गवत पावसाळ्यानंतर माणसाच्या डोक्यावर जातं, उन्हाळ्यात वाळून खडखड वाजतं, आणि एक ठिणगी पडली की बघायलाच नको. बागेच्या भिंतीला लागूनच साहेबांना दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि पुढे एक बाहेरची खोली.

दर एप्रिल-मेमध्ये बागेत कुठे ना कुठे आग लागायची. लागली की रमाकांतराव ती विझवायचे आणि विझल्यावर एकच प्रश्न विचारायचे, कुणी लावली. आग आपली आपण लागते यावर त्यांचा विश्वास नव्हता. मूंज कापणाऱ्या बायकांवर संशय होता, कारण जुने बुंधे जाळले की पावसात नवे कोंब जोमाने येतात. जळकी झाडं लिलावात घेणाऱ्या ठेकेदारावर होता. भिंतीआड पत्ते कुटणाऱ्यांवर होता. वाघाचे पंजे मोजायला वडील वाटेवर चाळलेली माती पसरत, तशी यांनी भिंतीच्या प्रत्येक भगदाडात माती पसरली आणि रोज सकाळी वाकून ठसे बघायला लागले. बकऱ्या सापडल्या, कोल्हा सापडला, आणि एकदा हिल्स असलेल्या बायकी चपलेचा ठसा सापडला. त्या ठशामागे ते दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी चेतना म्हणाली, "पापा, वो मेरी चप्पल है. बस छूट रही थी, तो उधर से निकल गई." यावर हसायचं की नाही हे वासंतीबाईंना ठरवता येईना. रमाकांतरावांनी चेतनाला मात्र विचारलं, की बसच सुटत होती ना.

पण या सगळ्यांत त्यांचा खरा संशय होता तो बिंदादीनवर.

बिंदादीन बागेचा चौकीदार. उंच, वाळका, पन्नाशीच्या पुढचा. देवतळे साहेब यायच्या कितीतरी आधीपासून तो तिथे रोजंदारीवर होता. बागेच्या उत्तर टोकाला विहिरीजवळ त्याची छपराची झोपडी, आणि त्याची बायको रामकली मुंजेच्या रंगीत टोपल्या विणून चौकातल्या दुकानाला द्यायची. बिंदादीनचा गुन्हा असा, की आग लागली की तो सगळ्यांत आधी तिथे पोचलेला असायचा. रमाकांतराव म्हणायचे, याला ठाऊक असल्याशिवाय हा इतक्या लवकर पोचतोच कसा. एका वर्षी तो तापाने पडला होता आणि उशिरा आला, तेव्हा म्हणाले, मुद्दाम उशीर केला. अशा माणसापुढे बिचाऱ्या बिंदादीनने करायचं तरी काय.

मग साहेबांनी काडीबंदी आणली. बागेत शिरणाऱ्या प्रत्येकाने, मग तो माळी असो, मूंजवाली असो की दिल्लीहून आलेला पाहुणा, काडेपेटी फाटकावरच्या कोठडीत जमा करायची. जमा झालेल्या पेट्या लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली रमाकांतरावांच्या करदोड्याला. बिंदादीनला बिडी ओढायची तर रस्त्यावर जावं लागे. रामकलीची चूलही भिंतीबाहेर गेली. भर उन्हात, पावसात ती कडुनिंबाखाली तीन विटा मांडून भाकऱ्या थापायची आणि भाजलेल्या भाकऱ्या पदराखाली झाकून आत न्यायची. वासंतीबाईंना ते बघवेना. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, चूल तरी आत राहू द्या. तिच्याच घरात ती आग लावणार आहे का?"

"लावणार नाही, लागेल," रमाकांतराव म्हणाले. "आणि मग मी कुणाकुणाला विचारत फिरू?"

काडीबंदीचा दुसरा भाग जास्त वाईट होता, आणि तो रमाकांतरावांना स्वतःला कळत होता. पूर्वी मूंज कापून झाली की फेब्रुवारीत, थंडी असतानाच, बुंध्यांचे पट्टे जाळायची इथेही पद्धत होती. त्यांनी ती बंद केली. वनरक्षकाचा मुलगा तो, थंडीत थोडं जाळलं नाही तर उन्हाळ्यात सगळं जळतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण जाळायचं म्हणजे दहा-बारा माणसांच्या हातात काडी द्यायची. पहिल्या वर्षी ते स्वतःच एकटे काडेपेटी घेऊन गेले. पेटवा, धावत दुसऱ्या टोकाला जा, हिरव्या फांदीने झोडपा, परत या. चार दिवसांत बारादरीपुढचा चिंचोळा तुकडा कसाबसा जळला आणि रमाकांतरावांच्या भुवया जळल्या. पुढच्या वर्षी ते गेले नाहीत. गवत मात्र वाढत गेलं. गेल्या सालच्या वाळल्या पानांवर या सालची पानं पडली. चालताना पाय गादीत रुतावा तसा रुतायला लागला. रमाकांतराव रोज त्यातून चालायचे आणि रोज पाय किती रुतला ते बघायचे.

"एक तरी माणूस विश्वासातला धरा ना," वासंतीबाई म्हणायच्या.

"तोच तर सापडत नाही."

१९९४ च्या हिवाळ्यात वरून हुकूम आला, की जुन्या रोजंदारीवाल्यांना पक्की नोकरी द्यायची. साहेबाने फक्त लिहून द्यायचं, की माणूस भरवशाचा आहे. जूनअखेर नावं बंद. रमाकांतरावांनी माळ्यांची नावं आठवड्याच्या आत पाठवली. बिंदादीनचं राहिलं. आयुष्यभर रोजावर राबलेला माणूस, हातपाय थकत आलेले, पक्का झाला असता तर म्हातारपणी पेन्शनचा तुकडा मिळाला असता. सगळं एका शब्दावर अडलं होतं, आणि तो शब्द रमाकांतरावांच्या लेखणीतून उतरेना. बिंदादीनने एकदाच विचारलं, "साहब, हमारा भी कुछ हो जाता."

"देखते हैं," साहेब म्हणाले. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना या शब्दांचा अर्थ ठाऊक आहे. बिंदादीनलाही होता. त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि याने पुन्हा का विचारलं नाही, असाही रमाकांतरावांना संशय आला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, लू सुटली होती. पश्चिमेचा तो गरम वारा रस्त्यावर माणूस ठेवत नाही. रमाकांतराव जेवून आडवे झाले होते तेवढ्यात वासाने उठले. धूर दिसायच्या आधी त्यांना वास आला, हे त्यांचं कसब. बाहेर येऊन बघतात तर पश्चिमेच्या भिंतीजवळ, बावडीपलीकडे, जाळ कडुनिंबाच्या उंचीचा झाला होता आणि वाऱ्यावर बसून बागेत येत होता. त्यांनी चेतनाला बंबवाल्यांना फोन करायला बसवलं आणि चप्पल न घालताच धावले.

बिंदादीन आधीच पोचला होता. अर्थातच.

त्याच्याबरोबर दोन माळी होते, चार-पाच मूंजवाल्या होत्या, सगळ्यांच्या हातात हिरव्या फांद्या. पण ही आग फांद्यांनी विझणारी नव्हती. चार सालांचं गवत एकदम पेटलं होतं. रमाकांतरावांनी एका नजरेत हिशेब केला. बागेच्या मधून दक्षिणोत्तर एक विटांची जुनी वाट जात होती. वाटेच्या पूर्वेला बारादरी, खिरणी आणि बिंदादीनची झोपडी. पश्चिमेकडून वणवा येतोय. तर वाटेच्या कडेने आपणच गवत पेटवायचं, म्हणजे वणवा येईपर्यंत त्याच्यापुढचं सगळं जळून गेलेलं असेल. वडील हेच करायचे. पण वाट लांब होती आणि वेळ थोडा. एकाने दक्षिणेकडून पेटवत यायचं, दुसऱ्याने उत्तरेकडून, आणि दोघांनी मध्ये भेटायचं. तरच जमणार होतं.

"माचिस," ते ओरडले.

कुणी हलेना. कुणाजवळ होतीच कुठे. तीच तर साहेबांची शिस्त होती. रमाकांतराव फाटकाकडे धावले. कोठडीत शर्ट वर करून, पोट आत ओढून, ते करदोड्याची गाठ सोडायला लागले, ती सुटेना. शेवटी करदोडा तोडला. दोन काडेपेट्या घेऊन ते परत आले तेव्हा आग बावडी ओलांडून आली होती.

एक पेटी त्यांनी बिंदादीनच्या हातावर ठेवली. "तुम उत्तर से लगाते आओ. कुएँ के पास से. जल्दी."

बिंदादीनने पेटीकडे बघितलं. मग वर बघितलं. "साहब, एक बार सबके सामने कह दीजिए कि आपके कहने से लगा रहे हैं."

"अरे, कह तो रहा हूँ."

"हमसे नहीं. इन सबसे कहिए, कि बिंदादीन को हम माचिस दिए हैं. बस इतना."

माळी बघत होते, मूंजवाल्या बघत होत्या. मागणं काही फार मोठं नव्हतं, एका दमात बोलून टाकायचं वाक्य होतं. पण रमाकांतरावांच्या डोक्यात, त्या जाळासमोर उभं असतानाही, तो जुना किडा वळवळला. हा कबुली का मागतोय? आज सगळ्यांसमोर मी म्हटलं की काडी मी दिली, तर उद्या चौकशीत ही पहिली आगही माझ्याच गळ्यात पडेल. यालाच तर ते हवं नसेल? ते नुसते बिंदादीनकडे बघत राहिले. फार वेळ नाही, पण बिंदादीनने त्यांचं तोंड वाचायला तेवढा वेळ पुरला. इतकी वर्षं तो तेच तोंड वाचत आला होता.

त्याने काडेपेटी साहेबांच्या शर्टाच्या खिशात परत ठेवली. "तब रहने दीजिए. हम पीट के बुझाते हैं." आणि फांदी घेऊन उत्तरेकडे पळाला.

रमाकांतरावांना राग आला, आणि रागाला वेळ नव्हता. ती पेटी एखाद्या माळ्याच्या हाती द्यावी, हे त्यांच्या मनातही आलं नाही. ते दक्षिण टोकाला गेले आणि पेटवत निघाले. वाकून काडी लावायची, दहा पावलं पळायचं, पुन्हा वाकायचं. माळी मागून येत होते, वाटेवर उडणाऱ्या ठिणग्या झोडपत होते. वाटेकडेचा जाळ आधी घुटमळला आणि मग मोठ्या आगीच्या ओढीने तिच्याकडे वळला. बारादरीच्या समोर दोन्ही जाळ एकमेकांवर आदळले, आकाशाएवढे झाले आणि खायला काही न उरून बसले. तिथे बारादरी वाचली आणि खिरणी वाचल्या. पण वाटेचा उत्तरेकडचा तुकडा राहिलाच. रमाकांतराव अजून शंभरेक पावलं मागे होते तेव्हाच वणव्याने तिथून वाट ओलांडली.

बिंदादीन आणि त्या बायका झोडपत होती, विहिरीच्या बादल्या ओतत होती. झोपडीचं छप्पर मुंजेचंच होतं. आत रामकलीच्या वर्षभराच्या कामाची मूंज रचून ठेवली होती, लाल, हिरवी, जांभळी रंगवलेली. ते सगळं एका भपक्यात गेलं. माणसं बचावली. रामकली एक हंडा आणि एक गोधडी काढू शकली.

रमाकांतराव धापा टाकत पोचले. "उधर से लगा देते तो बच जाता," ते म्हणाले. "तुम्हारा अपना घर था, बिंदादीन. एक काड़ी की बात थी."

बिंदादीनच्या पापण्यांचे केस जळले होते. तो खोकत होता. खोकला थांबल्यावर तो सावकाश म्हणाला, "छप्पर तो फिर छवा लेंगे, साहब. नाम थोड़े छवाया जाता है."

बंब आला तेव्हा सगळं संपलं होतं, शिवाय तो जुन्या कमानीतून आत शिरेना. संध्याकाळी रमाकांतराव सवयीप्रमाणे आगीचं मूळ शोधायला पश्चिमेच्या भिंतीशी गेले. तिथे फार शोधावं लागलं नाही. रस्त्याच्या खांबावरून गेलेल्या विजेच्या दोन तारा लूमध्ये झुलून एकमेकींना घासल्या होत्या. खाली राखेत वितळलेल्या धातूचे मणी पडले होते, अजून कोमट. रमाकांतराव ते मणी तळहातावर घेऊन उभे राहिले. कुणीतरी तारांवर आकडा टाकला असेल का, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. वर बघितलं. आकडा नव्हता. कुणीच काही केलं नव्हतं. आग आपली आपण लागली होती, आणि तिच्यासाठी चार वर्षं गादी अंथरली होती ती त्यांनी. लाज वाटली, चांगलीच वाटली, आणि कधी नव्हे ते तिच्याबद्दल त्यांना शंका आली नाही.

घरी आले तर वासंतीबाई दारातच होत्या. "त्या दोघांना घेऊन या," त्या म्हणाल्या. "बाहेरची खोली रिकामीच आहे. आणि मला काही सांगू नका, अच्छा? मी काही ऐकणार नाही आज."

रमाकांतराव काही सांगणारच नव्हते. ते परत बागेत गेले. बिंदादीन आणि रामकली विहिरीच्या काठावर बसली होती, मध्ये तो हंडा आणि गोधडी.

"चलो, घर चलो हमारे," रमाकांतराव म्हणाले.

दोघं उठली. उठून जातील कुठे दुसरीकडे. जळक्या गवतातून चालताना रमाकांतरावांनी घसा साफ केला. "कल तुम्हारा नाम भेज रहा हूँ. पक्की के लिए. जो लिखना है सब लिख दूँगा."

"अच्छा," बिंदादीन म्हणाला. इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो असा राखेत चालताना मिळाला, आणि त्याच्या आवाजात काही हललं नाही. रमाकांतरावांना वाटलं होतं तो निदान थांबेल. तो चालत राहिला.

क्वार्टरशी आले. वासंतीबाईंनी बाहेरच्या खोलीचा दिवा लावून ठेवला होता, माठ भरून ठेवला होता, ताटं वाढायला घेतली होती. चेतना आतून चादरी घेऊन आली. रामकलीने उंबऱ्याकडे पाऊल उचललं तसा बिंदादीनने तिचा दंड धरून तिला थांबवलं. तो स्वतःही बाहेरच उभा राहिला.

"मेमसाहब," तो हात जोडून म्हणाला, "पहले कमरे का सामान देख लीजिए. हमारे सामने. बाद में कुछ इधर-उधर हुआ तो हम क्या जवाब देंगे."

वासंतीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ऐसा क्यों बोलते हो भैया," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. आता तरी हे काही बोलतील, म्हणतील की वेडा आहेस का रे, ये आत, म्हणून त्या बघत राहिल्या. चेतनाही चादरी छातीशी धरून बघत होती.

रमाकांतरावांना बोलायचं होतं. मनापासून बोलायचं होतं. पण खोलीत त्यांची सायकल होती, एक ट्रंक होती, कूलरची मोटर आणि मोठी पितळी परात होती. विहिरीपासून इथवर येता येताच त्यांनी ते सगळं मनात एकेक करून मोजून ठेवलं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर बिंदादीनला दिसत होतं.